“भाऊ, माझाच आवाज दोनदा यायलाय”: हेडफोन मिक्सचा पुन्हा पुन्हा येणारा घोळ

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड या पट्ट्यातले एका खोलीत चालणारे स्टुडिओ थोड्याफार फरकाने सारखेच असतात. भिंतीला गोधड्या नाहीतर फोम, एक लॅपटॉप, दोन इनपुटचा इंटरफेस (माईक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारा डबा) किंवा यूएसबीवाला मिक्सर, एक कंडेन्सर माईक. फेब्रुवारी-मार्चमध्ये १४ एप्रिलसाठी भीमगीतांची घाई, आषाढीच्या तोंडावर अभंग, नवरात्राआधी आराधी गाणी. हंगाम कोणताही असो, गायकाची तक्रार ठरलेली: “कानात बरोबर येईना.” आपण काहीतरी बटणं दाबतो, जमतं, रेकॉर्डिंग होतं. पुढच्या गायकाला पुन्हा तेच. खरा प्रश्न त्या ‘पुन्हा’चा आहे, म्हणून नुसती बटणं न सांगता ही तक्रार परत का येते तेही इथे लिहितो आहे.

उदाहरणं रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधली घेतली आहेत. ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, छोट्या स्टुडिओला परवाना ६० डॉलरला मिळतो आणि जुन्या लॅपटॉपवरही ते चालतं. क्युबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह वापरणाऱ्यांना बटणांची नावं वेगळी दिसतील, आवाजाच्या वाटा मात्र त्याच.

आधी गायकाला नीट बोलू द्या

‘बरोबर येईना’वरून काहीच कळत नाही. थोडं खोदून विचारलं की चार वेगळ्या तक्रारी निघतात आणि चारींची कारणं वेगळी असतात. “आवाज दोनदा यायलाय” म्हणजे माईकचा आवाज दोन वाटांनी कानात पोचतो आहे. “आवाज मागून यायलाय” म्हणजे वाट एकच आहे, पण लांबची. “पोकळ लागायलंय, डब्यात गायल्यासारखं” म्हणजे एक तर दोन वाटा अगदी थोड्या अंतराने पोचतात, नाहीतर वायर चुकीची आहे. “सूर धरता येईना” असं म्हटलं तर उशिराशी बहुतेक वेळा संबंधच नसतो. कानात काय किती दिलं आहे ते तपासायचं.

बरेच जण कोणतीही तक्रार आली की थेट बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा, कमी करतात. दोनदा येणारा आवाज बफर कमी केल्याने जवळजवळ येतो, एक होत नाही. उलट फसवणूक वाढते. गायकाला दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत, नुसता गळा विचित्र लागतो, आणि मग बिचारा माईकला दोष देतो.

माईकपासून कानापर्यंतच्या वाटा

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज तीन वाटांनी मिळतो. पहिली त्याच्या हाडांतून, ती बंद करता येत नाही. दुसरी इंटरफेसच्या आतल्या आत: माईक आत गेला आणि तिथूनच हेडफोनला वळला. याला डायरेक्ट मॉनिटरिंग म्हणतात आणि त्यात जाणवेल असा उशीर नसतो. तिसरी वाट कॉम्प्युटरची: माईक, इंटरफेस, यूएसबी, सॉफ्टवेअर, प्लगइन (सॉफ्टवेअरमधले इफेक्ट), पुन्हा यूएसबी, पुन्हा इंटरफेस, हेडफोन.

तिसऱ्या वाटेचा उशीर बफरवर ठरतो आणि तो हिशोब सोपा आहे. बफरच्या सॅम्पलला (आवाजाच्या मोजमापांच्या संख्येला) सॅम्पल रेटने (सेकंदाला किती मोजमापं) भागायचं. ४८००० हर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७, १०२४ म्हणजे २१.३. हे एका दिशेचं झालं. आवाज आत येताना एक बफर आणि बाहेर जाताना एक, शिवाय कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरची थोडी भर. त्यामुळे २५६ वर गायकाला प्रत्यक्षात ११ च्या पुढेच उशीर मिळतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हा उशीर पखवाजवाला साडेतीन-चार मीटरवर बसल्यासारखा. वादकाला एवढं अंतर खपतं. गायकाला स्वतःचा गळा चार मीटरवरून आलेला खपत नाही, कारण हाडांतून तोच गळा आधीच पोचलेला असतो.

पोकळपणाचं गणितही इथेच आहे. तोच आवाज ५ मिलिसेकंदांच्या फरकाने दोनदा एकत्र झाला की १००, ३००, ५०० हर्ट्झ अशा ठिकाणी तो स्वतःलाच खातो. पुरुषी आवाजाचा गाभा याच पट्ट्यात असतो. म्हणून एखादे बुवा “आज आवाज बसल्यागत वाटायलाय” म्हणाले तर लगेच गरम पाणी मागवू नका, आधी वाटा मोजा.

मोजायची रीत: संगीत बंद ठेवा, माईकचा ट्रॅक आर्म करा (रेकॉर्डिंगसाठी सज्ज करा), हेडफोन स्वतःच्या कानाला लावा आणि माईकसमोर चुटकी वाजवा. एकच ‘टक’ आली तर वाट एक. ‘टटक’ आली तर दोन. आता रीपरमध्ये आर्मच्या शेजारचं स्पीकरचं चिन्ह बंद करा. तरीही चुटकी ऐकू आली तर इंटरफेसची डायरेक्ट वाट चालू आहे. तिचं बटण किंवा खटका पुढच्या पॅनलवर असतो. मोठ्या इंटरफेसना बटण नसतं, त्यांचा स्वतःचा मिक्सर कॉम्प्युटरवर उघडतो: फोकसराइट कंट्रोल, आरएमईचं टोटलमिक्स, मोटूचं क्युमिक्स ही त्याचीच नावं. पुढे काही दिसत नाही म्हणून डायरेक्ट वाट नाहीच असं समजू नका, ती त्या खिडकीत लपलेली असते.

दोन्ही बंद करूनही चुटकी येते? मग विंडोजमध्ये बघा. जुन्या साउंड कंट्रोल पॅनलमध्ये रेकॉर्डिंगच्या टॅबखाली प्रत्येक इनपुटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ नावाचा चौकोन असतो. कधीतरी कोणीतरी तिथे टिक केलेली असते आणि मग सॉफ्टवेअरमध्ये कितीही शोधा, सापडत नाही.

यूएसबी मिक्सरवाल्यांसाठी वेगळं सांगावं लागेल, कारण आपल्या भागात ते बरेच आहेत. आधी मंडपात वापरलेला मिक्सर नंतर स्टुडिओत येतो. मिक्सरमध्ये डायरेक्ट वाट कायम चालू असते, चॅनलचा फेडर वर आहे म्हणजे आवाज हेडफोनला जातोच. त्यामुळे सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग बंदच ठेवायचं. दुसरा घोळ याहून वाईट: बऱ्याच मिक्सरमध्ये कॉम्प्युटरकडून येणारं म्युझिक मेन मिक्समध्ये मिसळतं आणि तेच मेन मिक्स यूएसबीवरून परत कॉम्प्युटरला जातं. गायकाच्या ट्रॅकवर गळ्याबरोबर ढोलकीही रेकॉर्ड होते आणि ते कळतं मिक्सिंगला बसल्यावर. यूएसबीचा आवाज मेनऐवजी फक्त हेडफोनकडे वळवणारा खटका मिक्सरवर असतो, तो वापरा. नसेल तर मेनऐवजी ऑक्स (मिक्सरचा दुसरा, वेगळा मिक्स) यूएसबीला जाईल का ते मॅन्युअलमध्ये बघा.

गायकाला कोणती वाट द्यायची

डायरेक्ट. गायनासाठी मी यावर फार विचार करत नाही. बफर ६४ वर आणून प्लगइनसकट ऐकवण्याचा हट्ट नव्या, दमदार मशीनवर चालेल. मे महिन्यात परभणीत पारा ४२ च्या पुढे असतो, माईकमुळे कूलर-पंखा बंद ठेवावा लागतो, आणि त्या खोलीत लॅपटॉप गरम झाला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. ६४ वर चाललेलं सेशन तिसऱ्या अंतऱ्याला कडकड करायला लागतं. डायरेक्ट वाटेला यातलं काहीच आड येत नाही. बफर १०२४ असला तरी गळा वेळेवर कानात.

कीबोर्डवाल्याला मात्र ही सोय नाही. तो सॉफ्टवेअरमधला आवाज वाजवतो, त्याचा जन्मच कॉम्प्युटरमध्ये होतो. त्याच्यासाठी बफर १२८ किंवा त्याखाली आणावाच लागतो.

डायरेक्ट वाटेवर गायकांची एक हमखास मागणी अडते: “थोडं इको टाका ना.” कोरडा आवाज कानात आला की आपल्याकडचे गायक बावचळतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. देवळाच्या सभामंडपात, माइकवर भरपूर इकोत गायची सवय असते. मग आपण सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग चालू करतो, रिव्हर्ब (सभामंडपासारखी गूंज) लावतो आणि ‘दोनदा’ परत हजर होतं. ही तक्रार परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच.

उपाय आहे आणि तो छान आहे. कोरडा गळा डायरेक्ट वाटेने द्या, कॉम्प्युटरमधून फक्त रिव्हर्ब द्या. रिव्हर्ब तसाही मूळ आवाजाच्या मागूनच यायचा असतो, त्यामुळे वीस-तीस मिलिसेकंदांचा उशीर कोणाच्या लक्षातच येत नाही. रीपरमध्ये दोन ट्रॅक करा, दोघांचा इनपुट तोच माईक. पहिला ‘गळा’: हा रेकॉर्ड होईल, मॉनिटरिंग बंद. दुसरा ‘इको’: याच्या आर्मवर राइट क्लिक करून रेकॉर्ड डिसेबल, म्हणजे फक्त इनपुट मॉनिटरिंग निवडा, मॉनिटरिंग चालू ठेवा आणि त्यावर रिव्हर्ब लावा. रिव्हर्बचा ड्राय (मूळ आवाज) शून्य, फक्त वेट (गूंज). एकच ट्रॅक ठेवून सेंडने (ट्रॅकचा आवाज दुसऱ्या ट्रॅककडेही पाठवणाऱ्या वाटेने) हे करता येतं, पण मग त्याचा मास्टर सेंड (मुख्य मिक्सकडे जाणारी वाट) बंद करावा लागतो आणि टेक परत ऐकवताना गळाच वाजत नाही. गायक आपल्या तोंडाकडे बघत बसतो. दोन ट्रॅक बरे.

फक्त पंच करताना दोनदा

ही वेगळीच जात. सबंध गाणं गाताना तक्रार नसते, पण दुसऱ्या कडव्यातली एक ओळ दुरुस्त करायला, म्हणजे पंच करायला, घेतली की “दोनदा यायलाय” सुरू. इथे वाट चुकलेली नाही. पंचच्या आधी जुना टेक वाजतो आहे आणि गायक सूर लावून घेण्यासाठी त्याच्याबरोबर गातो आहे; त्याला जुना गळा आणि नवा गळा दोन्ही ऐकू येतात.

सॉफ्टवेअरच्या वाटेवर असाल तर स्पीकरच्या चिन्हावर आणखी एकदा क्लिक करून टेप ऑटोची पद्धत निवडा. मग पंच होईपर्यंत जुना टेक ऐकू येतो, पंच झाल्यावर नवा. क्युबेसमध्ये याला टेप मशीन स्टाइल म्हणतात, लाइव्हमध्ये ऑटो. डायरेक्ट वाटेवर हे आपोआप होत नाही, म्हणून जुना टेक कानात अर्ध्यावर आणायचा आणि गायकाला सांगायचं: मागच्या ओळीला साथ द्या, पण आतल्या आत. भजनी मंडळींना हे लगेच कळतं, झील धरायची सवय असते.

आपला फेडर आणि त्यांचा कान वेगळे करा

गायक गातो आहे, आपल्याला ढोलकी मोठी वाटली, फेडर खाली ओढला. त्याच्या कानातली ढोलकी गेली, ठेका सुटला, टेक बाद. दोष गायकाच्या खात्यावर जमा होतो. आपण जे ऐकतो तेच गायक ऐकतो, ही मांडणी कितीही नीट बसवली तरी दर सेशनला मोडणार, कारण आपले हात शांत बसत नाहीत.

इंटरफेसला चार आउटपुट असतील तर वेगळा मिक्स करणं सोपं आहे. एक नवा ट्रॅक घ्या, नाव द्या ‘बुवांचे कान’. त्याच्या राउटिंगच्या खिडकीत मास्टर सेंडची टिक काढा आणि हार्डवेअर आउटपुट म्हणून ३ आणि ४ जोडा. आता पेटी, पखवाज, टाळ, ‘इको’ असे सगळे ट्रॅक सेंडने याच्यात आणा आणि प्रत्येक सेंडचा प्रकार बदलून प्री-फेडर (फेडरच्या आधीच आवाज घेणारा) करा. रीपर नवा सेंड पोस्ट-फेडर देतो. तो तसाच राहिला तर सगळी मेहनत वाया, कारण पोस्ट-फेडर सेंड आपल्या फेडरबरोबर वरखाली होतो. प्री-फेडर झाला की आपण इकडे काहीही करा, कानातलं हलत नाही. ‘इको’ ट्रॅकचा मास्टर सेंड मात्र बंद ठेवा, तो फक्त गायकासाठी आहे. चारपेक्षा जास्त आउटपुट असतील तर ‘पखवाजचे कान’ असा आणखी एक ट्रॅक ५-६ वर.

सोलो आणि म्यूट मात्र प्री-फेडरलाही जुमानत नाहीत. ट्रॅक म्यूट केला की त्याचे सेंडही गप्प होतात आणि सोलो दाबला की कानातले बाकीचे आवाज जातात. टेक चालू असताना सोलोला हात लावायचा नाही. क्युबेसच्या वरच्या आवृत्त्यांत कंट्रोल रूम नावाची सोय आहे, तिथे क्यू मिक्स (गायक-वादकांच्या कानातले मिक्स) वेगळे असतात आणि लिसन दाबून आपल्यापुरतं ऐकता येतं.

दोनच आउटपुटचा इंटरफेस असेल तर? त्याचा हेडफोन बहुतेक वेळा १-२ चीच नक्कल करतो, खरा वेगळा मिक्स मिळत नाही. जुगाड एक आहे: स्टिरिओ सोडायचा. आपला मिक्स मोनो करून पूर्ण डावीकडे, गायकाचा मोनो करून पूर्ण उजवीकडे. डावा आउटपुट आपल्या स्पीकरला, उजवा हेडफोन अँप्लिफायरला. गायकाचा हेडफोन मग इंटरफेसला न लावता अँप्लिफायरला लावायचा. यात एक अडचण उरते. डायरेक्ट मॉनिटरिंगचा गळा दोन्हीकडे जातो, म्हणजे स्पीकर चालू असतील तर गळा तिथेही वाजेल. एकाच खोलीत गायक आणि आपण असू तर टेकच्या वेळी स्पीकर तसेही बंदच हवेत.

लॅपटॉपचं हेडफोन जॅक दुसरं आउटपुट म्हणून जोडायचा मोह होतो. विंडोजवर असिओफॉरऑल हा ड्रायव्हर वापरून तसं करताही येतं. मी सांगणार नाही. दोन उपकरणांची दोन घड्याळं, ती हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि मध्येच टिक-टिक सुरू होते. मॅकवर अ‍ॅग्रिगेट डिव्हाइसमध्ये ड्रिफ्ट करेक्शनची टिक आहे, तिथे निभावतं.

वायरने केलेला पोकळपणा

वाटा मोजल्या, चुटकी एकदाच येते, तरी गायक म्हणतो आवाज डोक्याबाहेर आहे, बारीक आहे, मधे काहीच नाही. मग हेडफोन अँप्लिफायरची वायर बघा. चार हेडफोनचे जे छोटे अँप्लिफायर मिळतात त्यांना बहुतेक एकच स्टिरिओ इनपुट असतो: पिनेच्या टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा. इंटरफेसचा लाइन आउट मात्र बॅलन्स्ड असतो. टोकाला सरळ सिग्नल, मधल्या कड्याला तोच सिग्नल उलटा. दोन्ही पिना दिसायला हुबेहूब, वायरही बसते. झालं, डाव्या कानात सरळ गळा, उजव्या कानात उलटा.

ओळखायचं असं: एक कान झाकला की आवाज ठीक, दोन्ही लावले की पोकळ. उपाय वायरचाच. इंटरफेसचे डावा-उजवा दोन आउट दोन मोनो पिनांनी घेऊन एका स्टिरिओ पिनेत आणणारी वायर लागते. इन्सर्ट केबल म्हणून मिळते, नाहीतर साउंड सर्व्हिसवाला करून देईल. मोनो जुगाडात एकाच आउटमधून दोन्ही कान भरायचे असतात; तिथे इंटरफेसच्या बाजूला मोनो पिन आणि तिचं टोक दुसरीकडे टोक आणि कडं दोन्हींना जोडून घ्या.

“आवाज मागून यायलाय”

एकाच वाटेचा उशीर. बफर कमी करूनही तसूभर फरक पडत नसेल तर कारण प्लगइनमध्ये शोधा. लिनिअर फेज ईक्यू, पुढचं बघून चालणारा लिमिटर, नॉइज काढणारे प्लगइन हे स्वतःचा वेळ मागतात आणि सॉफ्टवेअर बाकी सगळ्यांना त्यांच्यासाठी थांबवतं. मास्टरवर असा एक जरी असला तरी गळ्याला उशीर होतो. काही प्लगइन ४०९६ सॅम्पल घेतात, म्हणजे ४८००० ला ८५ मिलिसेकंद. रीपरच्या परफॉर्मन्स मीटरमध्ये प्रत्येक ट्रॅकचा पीडीसी (प्लगइनमुळे होणारा उशीर) दिसतो, तिथे मोठा आकडा कोणाचा ते बघून त्याला बंद करा.

हल्ली पोरं स्वतःचे ब्लूटूथ इअरबड घेऊन येतात, “माझ्या ह्याच्यात भारी येतं सर” म्हणून. त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद उशीर सहज असतो. खिशात ठेवायला सांगा. वायरचा, बंद पाठीचा हेडफोन हवा. सोनीचा एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स त्या जातीचे. एकेजीचा के२४० अर्धउघड्या पाठीचा आहे. मिक्सिंगला गोड, पण त्यातून क्लिक (लय धरायला दिलेली टिक-टिक) गळते आणि हळू आवाजाच्या ओवीत माईक ती बरोबर पकडतो.

गाताना ठीक, पण परत वाजवल्यावर गळा ठेक्याच्या मागे? हा हेडफोनचा विषय नाही. सॉफ्टवेअर रेकॉर्ड झालेला आवाज ड्रायव्हरने सांगितलेल्या उशिराएवढा आधीच्या वेळेकडे सरकवून ठेवतं, आणि काही ड्रायव्हर तो चुकीचा सांगतात. इंटरफेसचा आउटपुट वायरने त्याच्याच इनपुटला जोडा, मॉनिटरिंग बंद करून एक क्लिक वाजवा आणि रेकॉर्ड करा. झूम करून दोन क्लिकमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओच्या रेकॉर्डिंग पानावर मॅन्युअल ऑफसेट आहे, तिथे तो आकडा भरा. इंटरफेस किंवा ड्रायव्हर बदलला की पुन्हा मोजा.

कानात काय, किती

प्रत्येक गायक म्हणतो माझा आवाज वाढवा. वाढवू नका. बाकीचं ६ डेसिबल खाली आणा आणि विचारा, आता? दहातले बरेच जण “आता बरं” म्हणतात. वाढवत गेलं की हेडफोनचा एकूण आवाज चढतो, कान थकतात, क्लिक माईकमध्ये गळते. आणि कानात कमी येतं म्हणून माईकचा गेन वाढवणं तर कटाक्षाने टाळा. गेन रेकॉर्डिंगचा आहे, कानाचा नाही. २४ बिटला शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली तरी भरपूर आहे. आराधी गाण्यात बाई एकदम वरच्या पट्टीत हाक घालतात तेव्हा ती जागा उपयोगी पडते.

सूर सुटत असेल तर कानात पेटी किंवा तंबोरा वर आणा आणि बेस, पॅड, जाड रिव्हर्ब खाली. स्वतःचा गळा फार मोठा ऐकणारा बहुधा उतरतो, अजिबात न ऐकू येणारा ओरडतो आणि चढतो. बरेच जुने गायक एक कान उघडा ठेवतात. त्यांना बळजबरीने दोन्ही कान झाकायला लावण्यात अर्थ नाही. ‘बुवांचे कान’ हा ट्रॅक झाकलेल्या बाजूला पूर्ण पॅन करा, म्हणजे मोकळ्या कपातून काही गळणार नाही.

क्लिकबद्दल माझं मत: भजनी मंडळाला टिक-टिक देऊ नका. पखवाज शिकलेला माणूस ठेक्यात समेची वाट बघतो, टिक-टिकीत सम नसते. त्याच टेम्पोवर भजनी ठेक्याची आठ मात्रांची एक लूप करून तिचाच क्लिक म्हणून वापर करा. संबळ-हलगीवाल्यांचंही तेच.

बोजा कमी करायची पद्धत, आणि टेम्प्लेट

कीबोर्ड, लूप, प्लगइन सगळं एका प्रोजेक्टमध्ये उघडं ठेवून त्याच्यावर गळा घ्यायचा ही सवय सोडली तर निम्म्या तक्रारी येतच नाहीत. संगीताचा रफ मिक्स एक स्टिरिओ फाइल म्हणून काढा, शक्य असेल तर दोन: ताल वेगळा, बाकी वेगळं. नव्या प्रोजेक्टमध्ये तेवढंच आणा आणि गळा तिथे घ्या. जुना लॅपटॉपही १२८ वर शांत चालतो. दोन्ही प्रोजेक्टचा सॅम्पल रेट आणि टेम्पो तोच ठेवा, आणि गळा परत नेताना फाइल शून्यापासून सुरू होईल अशी काढा. रफ मिक्स वेव्हमध्येच काढायचा. एमपी३ करताना सुरुवातीला थोडी रिकामी जागा चिकटते, कधी वीस-पंचवीस मिलिसेकंदांची, आणि त्यावर गायलेला गळा मूळ संगीतावर ठेवला की सगळं गाणं मागे पडतं. गायकाने व्हॉट्सअ‍ॅपवरून आणलेल्या एमपी३ वरच गाणं पूर्ण करायचं असेल तर प्रश्न नाही. अरेंजरकडून नंतर वेव्ह येणार असेल तर आधीच मागून घ्या.

हा गळा घ्यायचा प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून जतन करा. फाइल मेनूत प्रोजेक्ट टेम्प्लेट्समध्ये ती सोय आहे. त्यात ‘गळा’ मॉनिटरिंग बंद, ‘इको’ फक्त मॉनिटरिंग, ‘बुवांचे कान’ ३-४ वर, सगळे सेंड प्री-फेडर, मास्टर रिकामा. संगीताचे दोन ट्रॅकही रिकामे, पण सेंड जोडलेले असू द्या. बोलायला एक जादा माईक दुसऱ्या इनपुटला लावून ‘बोला’ नावाचा ट्रॅक थेट कानांकडे पाठवा, म्हणजे प्रत्येक सूचनेला बुवांना हेडफोन काढावा लागणार नाही. टेकला मात्र तो म्यूट करा, नाहीतर आपला खोकला त्यांच्या कानात.

बफर टेम्प्लेटमध्ये साठत नाही, तो डिव्हाइसच्या सेटिंगचा भाग आहे. काल रात्री मिक्सिंगसाठी १०२४ केला असेल तर सकाळी कीबोर्डवाला आल्यावरही तो १०२४ च असेल. इंटरफेसची डायरेक्टची कळही सॉफ्टवेअरला दिसत नाही. म्हणून गायक चहा पिऊन आत यायच्या आधी या दोन गोष्टी बघा, चुटकी वाजवा, मग आर्म करा.